नवा अक्रोडाचा दस्ता सांगून रंगवलेलं पांढरं लाकूड गळ्यात मारलं

आमच्याकडे वडिलांनी पीकसंरक्षणाच्या परवान्यावर घेतलेली .315 रायफल आहे. बंगालमधल्या इच्छापूरच्या सरकारी कारखान्यातली, ली-एनफिल्ड या जुन्या ब्रिटिश लष्करी रायफलीच्या घडणीची. त्यांच्यानंतर परवाना माझ्या नावावर झाला. गेल्या उन्हाळ्यात तिचा अक्रोडाचा दस्ता, म्हणजे खांद्याला टेकवायचं मागचं लाकूड, हलायला लागला आणि पुढच्या टोकाला, जिथे लाकूड लोखंडी खाचेत बसतं, तिथे केसाएवढी चीर दिसली. अशी जुनी बंदूक ज्यांच्या घरात आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. मला जी भीती घातली, तीच उद्या तुम्हालाही घालतील.

बंदूक ओळखीच्या सुताराकडे टाकता येत नाही. शस्त्र अधिनियम, 1959 च्या कलम 5 नुसार व्यवसाय म्हणून दुरुस्ती करणाऱ्याकडेही परवाना लागतो. म्हणून मी जिल्ह्याच्या ठिकाणी परवानाधारक दुकानात गेलो. दुकानदाराने दस्त्यावर टकटक केलं आणि तोंड वाकडं केलं. "साहेब, लाकूड मेलंय. बार टाकलात तर दस्ता गालावर फुटेल. काश्मिरी अक्रोडाचा नवा बसवून देतो, 18 हजार." निम्मे पैसे आगाऊ घेतले. बंदूक परत मिळाली तेव्हा दस्ता आरशासारखा चमकत होता. बिलावर मात्र एवढंच, 'रायफल दुरुस्ती'. जुना दस्ता मागितला, तर म्हणाला, चुलीत घातला.

रायफल क्लबच्या रेंजवर थोड्याच फैरींत नवा दस्ता खिळखिळा झाला. त्याहून वाईट म्हणजे नळीखालचं लांब लाकूड, जे आधी धडधाकट होतं, ते मागच्या टोकाला उभं चिरलं होतं.

मग दुसऱ्या शहरातल्या एका वयस्क कारागिरांकडे गेलो. काकांनी काही न बोलता दस्त्यामागच्या पट्टीचे दोन स्क्रू काढले आणि बंदूक माझ्याकडे वळवली. पट्टीखाली लाकूड पांढुरकं, भरड, कोरं होतं. कडेला चॉकलेटी रंगाचा ओघळ आत उतरून वाळला होता. अक्रोडाचा गाभा आतपर्यंत तपकिरी असतो, त्याला वरून रंग चढवावा लागत नाही. नखाने दाबलं तर खळगा पडत होता. नवा दस्ता घेताना ही पट्टी दुकानातच उघडायला लावा. दोन मिनिटांचं काम आहे, आणि दुकानदार नाही म्हणाला तर बंदूक उचलून चालू लागा.

पुढच्या लाकडाची चीर का पडली, हेही काकांनीच दाखवलं. या घडणीत दस्ता एका लांब बोल्टने आवळलेला असतो. बोल्टचं पुढचं टोक चौकोनी असतं आणि ते पुढच्या लाकडातल्या पत्र्यात अडकतं. म्हणून आधी पुढचं लाकूड उतरवायचं, मगच बोल्ट फिरवायचा. तसाच फिरवला तर ते चौकोनी टोक लाकूड फाडतं. दुकानदाराने नेमकं तेच केलं होतं.

मूळ चिरेचं वर्णन ऐकून काका हळहळले. ती सहज सांधता आली असती. जुन्या दस्त्यात वर्षानुवर्षांचं तेल मुरलेलं असतं, त्यावर कुठलाच गोंद धरत नाही. आधी अ‍ॅसिटोन आणि खडूची पूड लावून तेल ओढून काढायचं, मग चिरेत इपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळून लावायचा घट्ट गोंद, भरायची, आरपार पितळेची बारीक खुंटी मारायची आणि रबरी नळीने करकचून बांधून 24 तास हात लावायचा नाही. दुरुस्तीची ही सांधणीही पॉलिश चढण्याआधी बघून घ्यावी, कारण भुसा आणि बूटपॉलिश भरून बुजवलेली चीर वरून तितकीच सुबक दिसते. पुढच्या लाकडाची चीर त्यांनी याच पद्धतीने सांधून दिली.

मी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेत लेखी तक्रार दिली आहे आणि जिल्हा ग्राहक आयोगातही अर्ज केला आहे. तिथे दोन वर्षांची मुदत असते, आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. अडचण बिलाची आहे. 'अक्रोडाचा नवा दस्ता' असं त्यावर लिहिलेलंच नाही. तुम्ही लाकडाचं नाव, किंमत आणि 'जुना दस्ता परत' हे शब्द पावतीवर लिहून घेतल्याशिवाय बंदूक दुकानात ठेवू नका.

जुना दस्ता चुलीत गेला यावर माझा विश्वास नाही. वाळलेलं जुनं अक्रोड कोणी जाळत नाही, ते विकलं जातं. त्याच्या मागच्या पट्टीखाली वडिलांनी खिळ्याने 1974 हे साल कोरलंय. कुणाला असा दस्ता विकायला आलेला दिसला, तर कृपा करून मला कळवा.