कळसूत्री चाल की पशुपक्ष्यांची चाल?

नृत्यदिग्दर्शक शांती बर्धन यांनी १९५२ साली मुंबईत लिटल बॅले ट्रूप हा नृत्यसंच उभा केला. नवी रचना करू पाहणाऱ्या छोट्या संचाने त्यांची ‘रामायण’ आणि ‘पंचतंत्र’ ही बॅले, म्हणजे नृत्यनाट्यं, शेजारी शेजारी ठेवून अभ्यासावीत.

‘रामायणा’त माणसं कळसूत्री बाहुल्यांसारखी नाचतात. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या कळसूत्री बाहुल्या पाहिलेल्यांना यातली गोम चटकन कळेल: दोरी मनगट ओढते, कोपर मागून येतं, बोटं लोंबतच राहतात. नर्तकाची सवय नेमकी उलटी. तो श्वास भरून खांद्यातून हात उचलतो, आणि छाती हलली की बाहुली संपली. म्हणून तालीम अशी घ्यावी: दोन मात्रा हालचाल, दोन मात्रा पूर्ण थांबा, श्वास फक्त थांब्यात आणि तोही पोटातून. मुखवटा घातला की बाजूचं दिसत नाही. आपापली जागा पावलं मोजूनच पाठ करायची. नाहीतर टक्कर ठरलेली.

‘पंचतंत्रा’त पशुपक्षी. इथे काम पाठीच्या कण्याचं आणि गुडघ्यांचं. बराच वेळ वाकून राहिल्यावर मांड्या भरून येतात, नर्तक नकळत ताठ होत जातो आणि पक्ष्याचा पुन्हा माणूस होतो. प्रवेश लहान ठेवणं हाच त्यावर उपाय.

संचात कोणी कथक शिकलेलं, कोणी भरतनाट्यम्, कोणी पाश्चात्त्य बॅले, असं असेल तर आधी कळसूत्री चालच घ्यावी. ती सगळ्यांनाच नवी असते, त्यामुळे शैलींचा सांधा दिसत नाही.