जुनी डिझेल स्विफ्ट: स्वभाव कोणता, दुखणं कोणतं

ऑगस्ट २०११ मध्ये आलेली दुसऱ्या पिढीची डिझेल स्विफ्ट आता फक्त जुन्या बाजारातच मिळते. आजवर पेट्रोल गाडी चालवलेला माणूस ती घेऊन सोलापुरात सात रस्त्याच्या सिग्नलला थांबतो आणि निघताना गाडी गचका देते किंवा बंद पडते. मग ‘पिकअपच नाही’ म्हणून तो गॅरेज गाठतो. बहुतेक वेळा गाडीचं काहीच बिघडलेलं नसतं. दुसरीकडे खरोखर संपलेली क्लच प्लेट ‘डिझेल गाडी अशीच असते’ म्हणत महिनोन्महिने खपवून घेतली जाते. पहिल्या महिन्यात हा फरक कळला तर खर्च वाचतो आणि गाडीवर जीवही बसतो.

इंजिन १२४८ सीसीचं, मुळात फियाटचं. ताकद ७५ पीएस, टॉर्क म्हणजे ओढण्याचा जोर १९० एनएम, आणि तो मिळतो २००० आरपीएमला, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला २००० फेऱ्यांना. हा शेवटचा आकडा पाठच करावा. आरपीएमचा काटा १८०० च्या खाली असताना टर्बो (इंजिनात जादा हवा ढकलणारा पंखा) जोरात फिरवण्याइतका एक्झॉस्टचा दाब नसतो, म्हणून पाय दाबला तरी गाडी जड वाटते. काटा २००० ओलांडतो आणि गाडी एकदम ओढ घेते. नवख्याचा गोंधळ इथेच होतो: आधी काही होत नाही म्हणून तो जास्त रेस देतो आणि मग नको तेवढा वेग हाती येतो. पाय हळू दाबायचा, अर्धा सेकंद थांबायचं, ओढ आली की तिथेच धरायचा. आठवडाभरात पाय शिकतो.

पहिला गिअर गाडी हलवण्यापुरता. सपाट, मोकळ्या रस्त्यावर २००० च्या आसपास गिअर बदलत गेलं तरी चालतं. जोर हवा असेल तर दुसरा २७०० पर्यंत ओढायचा, म्हणजे तिसरा टाकल्यावर काटा १८०० च्या जवळ पडतो आणि टर्बो झोपत नाही. ४० च्या वेगाला चौथा टाकून रेटणं ही या गाडीबाबत सर्रास होणारी चूक. काटा १५०० च्याही खाली जातो, इंजिन गुरगुरतं, केबिन थरथरतं. त्याने डिझेल वाचत नाही. इंजिन माउंटिंगवर ताण येतो आणि काजळी साचून ईजीआर व्हॉल्व्ह (एक्झॉस्टचा थोडा वायू परत इंजिनात सोडणारी झडप) चोंदतो.

याची खरी परीक्षा गळीत हंगामात होते. मोहोळ किंवा पंढरपूरच्या रस्त्यावर उसाची जोड ट्रॉली पुढे आली की वेग २५ वर येतो. तेव्हा तिसऱ्यात राहून बाहेर काढलेली गाडी समोरून वाहन येत असताना अडकते, कारण टर्बो जागाच नसतो. आधी दुसरा टाकायचा, काटा वर आलेला बघायचा, मग बाहेर पडायचं. ५० च्या वेगाने पुढे चाललेल्या टेम्पोला ओलांडायचं तर तिसरा. रात्री या ट्रॉल्यांना बऱ्याचदा मागे दिवे नसतात, तेव्हा हेडलाइटचा झोत गाडी घेतल्याच्या पहिल्याच आठवड्यात भिंतीवर बघून जुळवून घ्यावा.

क्लचबद्दल सविस्तर सांगायला हवं, कारण जुन्या गाडीत मालकाच्या सवयीचा सगळ्यात जास्त मार त्यालाच बसलेला असतो. चांगल्या क्लचची खूण अशी: सपाट जागेवर पहिला टाकून रेस न देता क्लच हळूहळू सोडला तर गाडी आपोआप सरकते. गर्दीत हाच गुण वापरायचा, क्लच अर्ध्यावर धरून उभं राहायचं नाही. प्लेट तपासायला हँडब्रेक पूर्ण ओढा, तिसरा गिअर टाका आणि थोडी रेस देऊन क्लच हळू सोडा. इंजिन लगेच बंद पडलं तर प्लेट पकड धरून आहे. इंजिन चालूच राहिलं तर प्लेट घसरतेय. ही चाचणी एकदाच करावी, वारंवार केली तर चांगली प्लेटही जळते. दुसरी खूण रस्त्यावर दिसते: चौथ्यात पाय दाबल्यावर काटा चढतो पण वेग चढत नाही. पेडल दाबल्यावर घरघर येत असेल तर रिलीज बेअरिंग; पेडल सोडल्यावर येऊन दाबल्यावर थांबत असेल तर गिअरबॉक्सच्या आतलं बेअरिंग. प्लेट बदलायला गिअरबॉक्स उतरवावाच लागतो, म्हणून प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तिन्ही एकत्र बदलावेत. नुसती प्लेट बदलून वाचवलेले पैसे पुढे मजुरीतच जातात.

धूर बघायला सकाळी थंड इंजिन सुरू करा. डॅशबोर्डवरचा गुंडाळीसारखा दिवा विझेपर्यंत थांबून मगच चावी फिरवायची. सुरुवातीला थोडा पांढुरका धूर आला आणि गेला तर चिंता नाही. गरम झाल्यावरही पांढरा धूर राहत असेल आणि कूलंट कमी होत असेल तर हेड गॅस्केटची शंका घ्यावी. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, टर्बोच्या सीलमधून किंवा रिंगमधून. रेस देताच काळा ढग आणि सोबत फुस्स आवाज असेल तर इंटरकूलरचा (टर्बोकडून येणारी हवा थंड करणाऱ्या भागाचा) पाइप फाटलाय किंवा सैल झालाय. दुरुस्ती स्वस्त आहे, पण गाडीची बरीच ताकद त्यातच जाते. डिझेल गाडीचं ऑइल बदलल्यावर थोड्याच दिवसांत काळं पडतं, त्यावरून काही ठरवू नका. पट्टीवर दुधाळ चहासारखं दिसलं तर मात्र गाडी चालवू नका. हायवेवरून जोरात आल्यावर इंजिन अर्धा-एक मिनिट आयडलला ठेवून बंद करावं, नाहीतर तापलेल्या टर्बोच्या बेअरिंगमध्ये ऑइल करपतं.

स्टीअरिंग इलेक्ट्रिक आहे. शहरात हलकं, वेगात थोडं घट्ट, हा स्वभाव. आपले रस्ते कडेला उतरते असल्याने गाडी किंचित डावीकडे जाणं हेही दुखणं नाही. ठळक ओढत असेल तर पुढचे दोन टायर अदलाबदल करून बघा. ओढ उलटी झाली तर दोष टायरचा, नाही झाली तर अलाइनमेंट. ८० ते १०० मध्ये स्टीअरिंग थरथरलं तर बॅलन्सिंग, फक्त ब्रेक मारताना थरथरलं तर डिस्क. लहान खड्ड्यांवर खटखट येत असेल तर आधी लिंक रॉड बघायला सांगा. स्टीअरिंग पूर्ण वळवून हळू जाताना टकटक आली तर एक्सेलचा बाहेरचा जॉइंट. मिस्त्री थेट शॉकअप बदलायला सांगत असेल तर आधी गाडी वर उचलून बुश हलवून दाखवायला सांगा.

टायरवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी जुनं, तडकलेलं रबर मे महिन्यातल्या सोलापूरच्या उन्हात, हैदराबाद रोडवर १०० च्या वेगाने घेऊन जाऊ नये. हवा सकाळी टायर थंड असताना, दाराच्या खांबावरच्या तक्त्याप्रमाणे भरायची.

मागची काच लहान आणि पुढचे खांब जाड. नवी पेठेत रिव्हर्स घेताना याचा त्रास होतोच. सेन्सर बसवून घ्यावा. तुळजापूरचा घाट उतरताना गिअर तिसरा ठेवा, न्यूट्रल नको, इंजिन बंद तर मुळीच नको, कारण ब्रेक आणि स्टीअरिंग दोन्ही जड होतात.

महिन्याला चारपाचशे किलोमीटर तेही शहरातच असतील तर ही गाडी घेऊ नये, पेट्रोल स्विफ्ट बरी. पुणे, विजापूर, हैदराबाद अशा नेमाने फेऱ्या असणाऱ्याला मात्र या पैशात हिच्याइतकी दमदार लहान डिझेल गाडी सापडणं कठीण.

अॅव्हरेज डॅशबोर्डवर बघून ठरवू नका. पंपाची नोझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरा, ३०० किलोमीटर चालवा, त्याच पंपावर पुन्हा तशीच भरा आणि भागाकार करा. हायवेवर १८ च्या वर हवं. कमी आलं तर एअर फिल्टर बघा. मग थोडं अंतर ब्रेक कमीत कमी वापरून गाडी चालवा, थांबून चारही चाकांच्या रिमजवळ हात न्या. एकाच चाकाची धग जास्त जाणवली तर तिथला कॅलिपर किंवा ब्रेक शू अडकलाय.