सेंटर चांगलं, लिफ्टचं मात्र आधी विचारा

आमचे हे नाशिकला सातपूरच्या एका कंपनीत टर्नर. जानेवारीत सेकंड शिफ्ट सुटल्यावर येताना ॲक्टिव्हा घसरली आणि डोक्याला डावीकडून मार बसला. हेल्मेट डिकीत होतं. त्यावर मी अजून काही बोललेले नाही. ऑपरेशन करून रक्ताची गाठ काढली, अकरा दिवस आयसीयूत होते. घरी सोडताना हातात गोळ्यांची यादी दिली आणि 'फिजिओ चालू करा' एवढंच सांगितलं. बोलण्यासाठी वेगळे थेरपिस्ट असतात हे तिथे कुणी सांगितलं नाही. ते कळलं खालच्या मजल्यावरच्या वहिनींकडून.

गंगापूर रोडच्या बाजूच्या या रिहॅब सेंटरला आम्ही सात महिने इंदिरानगरहून येतोय, आठवड्याचे चार दिवस. रिक्षाचे जाऊन-येऊन तीनशे.

पहिले दोन महिने यांना एकच शब्द यायचा, 'चावी'. चहा हवा असला तरी चावी, पंखा बंद कर म्हणायचं तरी चावी, माझ्याकडे बघूनही चावीच. मी चाव्यांचा जुडगा आणून द्यायचे, हे तो भिंतीवर फेकायचे. स्पीच थेरपिस्टने समजावलं की डोक्यात शब्द बरोबर असतो, तोंडात येताना दुसराच येऊन अडकतो. मेंदूची डावी बाजू उजवं अंग चालवते आणि बहुतेकांची भाषाही तिथेच असते, म्हणून यांचा उजवा हात आणि बोलणं दोन्ही एकदम गेलं. कागदावर चित्र काढून दाखवलं तिने. सातवीतल्या पोरीला सांगावं तसं, पण मला ते हवंच होतं.

मग तिने यांना बेचा पाढा म्हणायला लावला. 'बे एके बे' तिने म्हटलं, आणि हे 'बे दाहे वीस'पर्यंत न अडखळता गेले! मी खुर्चीवरून उठलेच. लगेच तिने विचारलं, 'काका, आठच्या पुढे काय?' तर पुन्हा चावी. लहानपणी घोकून पाठ झालेलं आपोआप वाहत येतं, पण नवीन शब्द जुळवायचा म्हटला की वाट बंद. म्हणून पाढे, वारांची नावं, एक ते वीस असं सुरू केलं आणि मध्येच थांबवून पुढचा शब्द त्यांच्याकडून काढून घ्यायचा. रोज घरीही वीस मिनिटं.

एकदा माझा फोटो दाखवून नाव विचारलं. हे गप्प. मी म्हटलं, 'अहो मॅडम, अठ्ठावीस वर्षांत कधी घेतलं नाही, आता कुठून घेतील?' सगळा हॉल हसला, हेसुद्धा. नंतर जो पहिला स्वतःचा शब्द आला तो 'अगं'.

पण मला खरं शिकवलं ते गप्प बसायला. हे शब्द शोधत असले की मी चटकन पुरवायचे. थेरपिस्ट म्हणाली, 'काकू, मनात दहा आकडे मोजा, मग तोंड उघडा.' दहा आकडे फार लांब असतात हो. आठव्याला माझा जीव वर यायचा. टीव्ही बंद करायचा, एका वेळी एकच प्रश्न विचारायचा आणि दोनच पर्याय द्यायचे, चहा की दूध? 'काय घेणार?' असं मोघम नाही.

ओटी म्हटलं की मला आधी नारळ-खण आठवायचा, मग ऑपरेशन थिएटर. इथली ओटी म्हणजे रोजची कामं पुन्हा शिकवणं. शर्टाची बटणं, पोळीचा तुकडा मोडणं, चहा करणं. पहिल्यांदा यांनी चहा पावडर थेट कपात टाकली आणि रिकामं पातेलं गॅसवर ठेवलं. थेरपिस्टने गॅस बंद केला, पण ओरडली नाही. गॅसशेजारी चार चित्रं चिकटवली, पातेलं, पाणी, पावडर, कप. तीन आठवड्यांनी चहा जमला. गोड फार झाला, मी प्यायले.

रागाचंही सांगते. हे पूर्वी आवाज चढवत नसत, आता डबा भिरकावतात. मेंदूच्या पुढच्या भागाला धक्का बसला की राग आवरणारा लगाम सैल होतो, हे इथे कळलं. तोवर मी दोन महिने मनातल्या मनात भांडत होते. शनिवारी नातेवाइकांचा वेगळा तास असतो, चहा बरा नसतो, पण जा.

आता तक्रारी. सेंटर दुसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्ट महिन्यातून दोनदा तरी बंद. एक पाय ओढत चालणाऱ्या माणसाला छत्तीस पायऱ्या चढायला लावायच्या? वॉचमन खुर्ची देतो, पण उचलायला कोणी नसतं. संडासाचा दरवाजा इतका अरुंद की व्हीलचेअर आत जात नाही. तीस सेशनचं पॅकेज घेतलं तर पंचेचाळीस दिवसांत संपवावं लागतं. यांना ताप आला तेव्हा चार बुडाले आणि काउंटरवर सरळ 'नियम आहे' म्हणाले. सेशन सातशेचं, आमच्या मेडिक्लेममध्ये यातलं काही बसलं नाही. स्पीचच्या थेरपिस्ट मध्येच बदलल्या, नव्या बाईंना पाढ्यापासून पुन्हा सांगावं लागलं. दर्शनी बोर्डावर जे मोठं मशीन आहे त्यावर यांना सात महिन्यांत दोनदाच बसवलं. त्या फोटोला भुलू नका.

पाचपैकी चार स्टार, एक लिफ्टचा कापला. सुधारणा पहिल्या सहा महिन्यांत जास्त वेगाने होते असं सगळे सांगतात, आम्ही सातव्यात आहोत आणि अजून नवे शब्द येतायत, परवा 'कोथिंबीर' आला. जाणार असाल तर सकाळी दहाची वेळ मागा. दुपारनंतर डोकं थकतं, मग पाढेही येत नाहीत. आणि मागे पट्टा असलेल्या चपला न्या, साध्या पायातून निसटतात.