निस्ट वेबबुक: आकडे चोख, पण 'डी-ई'चा रकाना जपून

अमेरिकेच्या निस्ट या मानकं-तंत्रज्ञान संस्थेचं 'केमिस्ट्री वेबबुक' हे रसायनांच्या आकड्यांचं संकेतस्थळ फुकट आहे, लॉगिनची भानगड नाही. दोन अणूंच्या रेणूंचे आकडे त्यात ह्युबर आणि हर्झबर्ग यांच्या १९७९च्या संग्रहातून आलेत. जुने आहेत, पण लिथियम-सोडियमसाठी अजून कामाला येतात.

सूत्राने शोधताना 'कॉन्स्टंट्स ऑफ डायॲटॉमिक मॉलिक्यूल्स' आणि 'आयन एनर्जेटिक्स' या दोन्ही चौकटींवर टिक करा. 'एक्स्क्लूड आयन्स'वर मात्र नको.

तक्त्यातला 'डी-ई' हा रकाना हमखास फसवतो. ती बंध तोडण्याची ऊर्जा नव्हे. रेणू गरगर फिरताना ताणला जातो त्याचा तो स्थिरांक. डायलिथियमला (दोन लिथियम अणूंचा रेणू) तो एका सेंटिमीटरमागे ०.००००१च्या आसपास, तर बंधाच्या ऊर्जेची खरी खोली त्याच एककात साडेआठ हजारांच्या घरात! बंधऊर्जा खालच्या टीपेत 'डी-शून्य' म्हणून शोधावी लागते. मांडणी म्हणून हे वाईटच.

खरी मजा आयनांच्या पानावर. २०१३च्या जेईई मेनमध्ये स्थैर्याचा चढता क्रम अपेक्षित होता: डायलिथियमचा ऋण आयन, त्याचा धन आयन, मग खुद्द डायलिथियम. बॉण्ड ऑर्डर, म्हणजे बंधांची हिशेबी संख्या, डायलिथियमची एक आणि दोन्ही आयनांची अर्धी; त्या हिशेबाने डायलिथियम सर्वांत वर, हे बरोबर. आता वजाबाकी करा. डायलिथियमची बंधऊर्जा सुमारे १.०३ इलेक्ट्रॉन व्होल्ट; तीत लिथियम अणूची आयनीभवन ऊर्जा (एक इलेक्ट्रॉन काढायला लागणारी) ५.३९ मिळवा, डायलिथियमची ५.१४ वजा करा. धन आयनाची येते १.२८. म्हणजे बॉण्ड ऑर्डर अर्धी, तरी बंध जास्त मजबूत! हायड्रोजनला हाच हिशेब लावा: ४.४८ + १३.६० − १५.४३ = २.६५, पुस्तकातल्यासारखाच. फरक का? लिथियमचा बाहेरचा इलेक्ट्रॉन-ढग ऐसपैस, शेजारच्या धनभाराकडे सहज झुकतो. शिवाय बंधात एकच इलेक्ट्रॉन उरल्याने दोन इलेक्ट्रॉनांमधलं प्रतिकर्षणही जातं. बंध मात्र २.६७वरून सुमारे ३.१ अँगस्ट्रॉमपर्यंत लांबतो. लांब म्हणजे कमकुवत, हा नियमही इथे बसत नाही. सोडियमचीही तीच गत.

आयनीभवन ऊर्जेचे आकडे एका रेणूला बरेचदा चार-पाच दिसतात. पद्धतीचा रकाना बघा: इलेक्ट्रॉनच्या माऱ्याने मोजलेला टाळून लेझर किंवा वर्णपटावरून काढलेला घ्या. इथला सगळा फरकच पाव इलेक्ट्रॉन व्होल्टचा, ०.२ची चूक झाली तरी तो जवळजवळ पुसला जातो.