7.62 एसएलआर : जड आहे, तरी शिकायला हीच

एसएलआर म्हणजे सेल्फ लोडिंग रायफल, 7.62 मिलिमीटरच्या गोळीची. तिच्याबद्दल पोरांची पहिली तक्रार वजनाची असते आणि ती खोटी नाही. भरलेल्या मॅगझिनसह रायफल पाच किलोच्या घरात जाते, लांबी 1.14 मीटर. जीपच्या मागच्या बाकावर बसलं की बॅरल कुठे ठेवावी ते सुचत नाही. ठेंगण्या पोरांना आणि बऱ्याच मुलींना बट लांब पडतो. मग पकड सैल राहते आणि पहिल्याच फायरला गालफडावर बसते. पोलीस दलात शस्त्र शिकवण्यात माझी नोकरी गेली. तरीही नवशिक्याच्या हातात पहिली कोणती रायफल द्यावी असं विचारलंत, तर मी हीच सांगेन.

कारण ही एका दाबात एकच गोळी सोडते. मॅगझिनमध्ये वीसच गोळ्या, आणि धक्का असा की प्रत्येक गोळीनंतर सिस्त, म्हणजे नेम, नव्याने घ्यावीच लागते. श्वास रोखणं, ट्रिगर हळू दाबणं हे ओरडून शिकवावं लागत नाही. टार्गेटवरचा ग्रुप फाटला, म्हणजे गोळ्यांची भोकं विखुरली, की पोर स्वतःच विचारायला येतं.

मूळ रचना बेल्जियमची, एफएन कारखान्याच्या द्योदोने सैव्ह यांची एफएएल. नव्वदहून जास्त देशांनी ती वापरली. 1982 च्या फॉकलंड युद्धात ब्रिटिश आणि अर्जेंटिनी दोघांच्याही हातात हिचीच रूपं होती. आपल्याकडे ती आली 1962 च्या धक्क्यानंतर. चीनसमोर आपले जवान जुनी थ्री नॉट थ्री रायफल घेऊन, प्रत्येक गोळीला बोल्ट ओढत लढले होते. पुण्याच्या एआरडीई या शस्त्र संशोधन संस्थेने बेल्जियन, ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन नमुने खोलून बघितले आणि आपली 1ए1 तयार केली. बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात ती बनू लागली आणि 1971 च्या लढाईत पायदळाकडे हीच होती. बटाची मागची पट्टी मात्र थ्री नॉट थ्रीचीच ठेवली. तिचं झाकण उघडलं की आत तेलाची बाटली आणि पुलथ्रू, म्हणजे बॅरल साफ करायची दोरी. मला ही सोय फार आवडते. सफाईचं सामान रायफलीला सोडून कुठे जातच नाही.

खरी अक्कल गॅस रेग्युलेटरमध्ये आहे. गोळीमागचा किती गॅस पिस्टनला मिळावा हे तो ठरवतो, आणि पिस्टन चाल, म्हणजे पुढची गोळी भरणारी यंत्रणा, मागे ढकलतो. रायफल धुळीने, काजळीने जड झाली की रेग्युलेटर थोडा बंद करायचा. पिस्टनला जास्त गॅस मिळतो आणि चाल पुन्हा सुरू होते. पाऊस, चिखल, लाल माती यांत ही रायफल माणसाला वेळ देते. पण रेंजवरून परतल्यावर चिंदी न फिरवता कोतमध्ये, म्हणजे शस्त्रांच्या कोठीत, जमा कराल, तर पिस्टनवरची काजळी पुढच्या खेपेला हिशेब मागणारच.

शासकीय इतमामाच्या सलामीत प्रत्येक फैरीनंतर शिपाई हाताने कॉक करताना दिसतो, तेव्हा लोक म्हणतात, जुनी झाली, अडकते. तसं नसतं. सलामीला ब्लँक, म्हणजे नुसत्या आवाजाची काडतुसं असतात. ब्लँकमध्ये पुढे गोळी नसते, म्हणून चाल मागे ढकलण्याइतका दाब बॅरलमध्ये तयार होत नाही.

माझा विरोध एकाच जागी आहे, आणि तो ठाम आहे. दाट वस्तीत, स्टेशनवर, बाजारात ही रायफल नको. सेकंदाला आठशे मीटरहून जास्त वेगाने निघालेली ही गोळी माणसातून पार होऊन मागच्यालाही लागते, साध्या विटांच्या भिंतीचाही भरवसा नाही. तिथे कार्बाइन, म्हणजे आखूड, हलकी बंदूक द्या. मोकळ्या मैदानातला पहारा, तुरुंगाचा मनोरा, जंगलातली चौकी, इथे मात्र हिचा हात धरणारं शस्त्र आमच्या कोतमध्ये नव्हतं.

सैन्याने नव्वदच्या दशकात हिच्या जागी 5.56 मिलिमीटरच्या लहान गोळीची इन्सास रायफल आणली. पण 2019 मध्ये 72,400 सिग 716 रायफली मागवल्या, त्या पुन्हा एसएलआरच्याच 7.62 बाय 51 मिलिमीटरच्या काडतुसाच्या. लांब पल्ल्याला ही गोळी लागते, हे आमच्या जुन्या उस्तादांनी कधीच सोडलं नव्हतं.

आता रेंजवर जाणाऱ्यांसाठी. कोतमधून रायफल घेताना नुसता नंबर बघू नका. मॅगझिनचे ओठ वाकलेत का, स्प्रिंग सैल पडली का, तेही तपासा. या वयाच्या रायफलीत रोक, म्हणजे मध्येच अडकणं, बहुतेक वेळा तिथूनच येते आणि मॅगझिन बदललं की जाते.