पॉवर ट्रिम बिघडली: सील बदलायचे, नवी मोटर घ्यायची की अख्खं युनिट?

हतनूरचा जलाशय असो, प्रकाशा-सारंगखेड्याच्या बॅरेजमागची तापी असो की अक्राणी-अक्कलकुव्याकडचा नर्मदेचा फुगवटा, इकडच्या पाण्यात पॉवर ट्रिम, म्हणजे बोटीच्या मागे लावलेलं इंजिन मोटर आणि तेलाच्या दाबाने वर-खाली करणारं युनिट, ही चैन नाही. काठ उथळ आणि गाळाचा. फुगवट्यात तर बुडालेल्या झाडांचे खुंट पाण्याखाली उभे असतात. इंजिन वेळेवर वर आलं नाही की पंखा गेलाच.

ट्रिम बंद पडल्यावर चार सल्ले मिळतात: इथेच उघडून सील टाका, फक्त मोटर बदला, पूर्ण युनिट मागवा, नाहीतर ट्रिमचा नाद सोडून इंजिन हाताने उचला. चारही कुठे ना कुठे बरोबर आहेत. पण समुद्रावरच्या मेकॅनिकचा 'युनिटच बदला' हा सल्ला इकडे बहुतेकदा लागू होत नाही. तिथे खारं पाणी मोटरची बॉडी गंजवून टाकतं. आपल्याकडे पाणी गोडं, त्यामुळे आधी जातात ती टर्मिनल, रिले (मोटरचा करंट जोडणारा-तोडणारा स्विच) आणि गाळाने घासलेले सील. हे सगळं जळगाव-धुळ्यात दुरुस्त होण्यासारखं आहे.

आधी आवाज ऐका

स्विच दाबल्यावर काय ऐकू येतं, त्यावर निम्मा निर्णय होतो.

काहीच आवाज नाही: फ्यूज, स्विच किंवा वायर. रिले टिकटिकतो पण मोटर फिरत नाही: बॅटरी, अर्थिंग, रिलेचे पॉइंट किंवा मोटरचे कार्बन ब्रश. मोटर फिरते पण इंजिन उचलत नाही: तेल कमी, तेलात हवा, पंप खराब किंवा हाताने सोडायचा स्क्रू (तेलाचा दाब सोडून इंजिन हाताने हलवू देणारा) ढिला. वर जातं आणि उभ्या उभ्या खाली बसतं: तोच स्क्रू, त्याची ओ-रिंग, आतला चेक व्हॉल्व्ह (तेल एकाच दिशेने जाऊ देणारा) किंवा पिस्टनचा सील. फक्त एकाच दिशेला चालतं: सारखे दोन रिले असतील तर त्यांची अदलाबदल करा. बिघाड दुसऱ्या दिशेला गेला तर रिले खराब, जिथल्या तिथे राहिला तर पुढे शोधा.

पूर्ण चार्ज बॅटरी काहीही चालू नसताना १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. पण मोजायचं ते स्विच दाबून, मोटरच्या जाड वायरींवर. तिथे साडेदहाच्या खाली आकडा येत असेल तर मोटरला दोष देऊ नका. बॅटरीपासून एकेक जोड तपासत या. उन्हाळ्यात बोट दोन-तीन महिने काठावर पडून असते, तेवढ्यात टर्मिनलवर पांढरा-हिरवा क्षार धरतो.

मोटरला रिलेपासून सोडवून थेट बॅटरी देऊन पाहता येते. जाड वायरी बहुधा निळी आणि हिरवी असतात. निळीला प्लस दिला की वर, उलटं केलं की खाली. पेट्रोलची टाकी आधी लांब न्या, कारण ठिणगी पडतेच. तीन वायरींच्या जुन्या मोटरवर हा प्रयोग करू नका, तिचं वायंडिंग वेगळं असतं.

आणि एक पक्कं ठेवा: इंजिनखाली हात घालण्याआधी टिल्ट लॉक (इंजिन वर अडकवून ठेवणारी खिट्टी) लावा आणि वरून दोरही बांधा. ४० एचपीचं चार-स्ट्रोक इंजिन शंभर किलोच्या आसपास भरतं. तेलाच्या दाबावर विसंबून खाली बसू नये.

सील की युनिट

खरा पेच इथेच आहे. इंजिन रात्रभर वर ठेवा, रॅमच्या (इंजिन उचलणाऱ्या हायड्रोलिक सिलिंडरच्या) दांड्यावर खडूची खूण करा आणि सकाळी पाहा. खूण खाली सरकली असेल तर आधी हाताने सोडायचा स्क्रू काढून त्याच्या ओ-रिंगा बदला. इंजिनला आधार असल्याशिवाय हे करू नका. काही रुपयांचं काम, आणि कित्येकदा बिघाड तिथेच मिटतो. तरीही इंजिन बसत असेल तर रॅम उघडायची वेळ आली.

ट्रॅक्टर-जेसीबीचे हायड्रोलिक सिलिंडर उघडणारी दुकानं हे काम करू शकतात. पण दोन गोष्टी त्यांना सांगाव्या लागतात. पहिली, ओ-रिंगचं माप जुन्या रिंगवरून घेऊ नका. ती चपटी झालेली किंवा तेलात फुगलेली असते. खाच मोजा. दुसरी जास्त महत्त्वाची. टिल्ट रॅमच्या पिस्टनमध्ये बारीक गोळ्या आणि स्प्रिंगा असतात. पिस्टन उघडला की त्या टपटप खाली पडतात आणि नेहमीच्या सिलिंडरमध्ये त्या नसल्याने कारागीर त्यांना बिनकामाचं समजू शकतो. हा धक्का सोसणारा व्हॉल्व्ह आहे. इंजिन खुंटावर आदळलं की तोच तेल सोडतो आणि इंजिनला वर उडू देतो. तो नीट बसला नाही तर पुढच्या खुंटावर ब्रॅकेट तुटेल. खाली पांढरं कापड अंथरा, गोळ्या मोजा, फोटो काढा, मग पुढे जा.

रॅमची टोपी छिन्नी-हातोड्याने उघडायची नाही. तिला दोन खिळ्यांचा पाना लागतो, लेथवाला तो सहज बनवून देतो. उघडल्यावर दांड्यावरून नख फिरवा. नख अडकलं, म्हणजे खड्डा किंवा ओरखडा आहे. अशा दांड्यावर नवा सील थोड्याच दिवसांत पुन्हा कापला जाईल. दांडा वेगळा मिळत नसेल तर इथेच युनिटचा विचार करावा. पंपाचे गिअर ओरबाडलेले असतील, किंवा तेल दुधाळ होऊन आतल्या भागांवर गंज चढला असेल, तरीही युनिटच. नुसतं दुधाळ तेल म्हणजे मात्र युनिट गेलं असं नाही. टोपीच्या सीलमधून पाणी शिरलं आहे, एवढाच त्याचा अर्थ.

तेल इंजिनच्या मॅन्युअलप्रमाणेच घाला. यामाहाच्या बऱ्याच इंजिनांना डेक्स्रॉन-२ एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) लागतं. ब्रेक ऑइल कधीही नको, नेहमीचे रबरी सील त्याने फुगतात. इंजिन पूर्ण वर, लॉक लावलेलं, तेव्हाच तेलाची टोपी उघडा. खाली असताना उघडली तर तेल उसळू शकतं. पातळी भोकाच्या काठाला आली की चार-पाच वेळा वर-खाली करून हवा काढा आणि पुन्हा भरा.

मोटर: जुनी भरायची (वायंडिंग नव्याने करायचं) की नवी

ब्रश अडकले आणि कम्युटेटर (ब्रश ज्यावर घासतात तो तांब्याचा भाग) काळा पडला असेल तर आर्मेचरवाल्याकडे, म्हणजे मोटर भरणाऱ्याकडे द्या. बारीक पॉलिश पेपर, नवे ब्रश, टोपीची नवी ओ-रिंग, झालं. आर्मेचर (आतला फिरणारा, तार गुंडाळलेला भाग) जळलं असेल तर मात्र नवी मोटर बरी, असं आमचं स्पष्ट मत आहे. ही मोटर थोड्या वेळासाठी भरपूर करंट ओढते. तारेचा गेज जरा चुकला तरी पुन्हा जळते आणि भरतानाचं वॉटरप्रूफिंगही क्वचितच मूळसारखं होतं. बॉडीतलं चुंबक सुटलं किंवा तडकलं असेल तर प्रश्नच नाही. बाजारातली पर्यायी मोटर घेताना शाफ्टच्या टोकाचा आकार, बोल्टांचं अंतर आणि वायरींची संख्या जुन्या मोटरशी समोरासमोर जुळवा. बऱ्याच युनिटांत मोटर काढली की तेलाची टाकी उघडी पडते, म्हणून तेल आणि हवा काढणं पुन्हा आलंच.

हाताने उचलायचं ठरवलं तर

८-१० एचपीच्या मासेमारीच्या होडीला हेच योग्य, तिला पॉवर ट्रिम मुळात बहुधा नसतेच. मोठ्या इंजिनावर हा फक्त घरी पोचण्याचा उपाय आहे. स्क्रू डावीकडे ढिला करा, दोघांनी मिळून इंजिन हव्या कोनात धरा आणि स्क्रू पुन्हा घट्ट आवळा. ढिला ठेवून चालवलं तर रिव्हर्स टाकताच इंजिन वर उसळतं आणि बोट थांबत नाही. काहीजण रॅमच्या जागी लोखंडी पट्टी वेल्ड करतात. तसं करू नका. खुंटावर आदळल्यावर पट्टी हलणार नाही, सगळा धक्का ब्रॅकेट आणि बोटीच्या मागच्या फळीवर जाईल.

सील बदलून घेतले असतील तर एक सवय लावून घ्या. बोट काठाला लावून ठेवताना, मॅन्युअलची मनाई नसेल तर, इंजिन खाली घेऊन रॅमचे दांडे आत ओढलेले ठेवा. भुसावळच्या मे महिन्यातल्या उन्हात उघड्या दांड्यावर वाळलेला गाळ पुढच्या वेळी आत ओढला जातो आणि नवा सील घासून टाकतो. वर ठेवावंच लागलं, तर खाली घेण्याआधी दांडे ओल्या फडक्याने पुसा.