बारा खळग्यांचं नॉनस्टिक आप्पेपात्र, मुलांच्या हाती देण्याआधी

मुलांना गॅसपाशी पहिल्यांदा उभं करायचं तर बहुतेक घरांत चहा नाहीतर मॅगीपासून सुरुवात होते. दोन्हींत उकळतं पाणी हाताळावं लागतं, आणि स्वयंपाकघरात भाजण्याचं ते मोठं कारण. आप्पेपात्र त्या मानाने कितीतरी बरं. सांडण्यासारखं त्यात काही नसतं, तेल थेंबाने लागतं, आणि एक आप्पा बिघडला तरी अकरा उरतात. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला मोठं माणूस शेजारी उभं राहून हे भांडं देता येतं. त्याहून लहानांनी पीठ कालवावं, भाज्या घालाव्यात, डबा भरावा. उलटायचं काम मात्र त्यांना नको.

बाजारात सर्रास मिळतं ते अ‍ॅल्युमिनियमचं, आतून नॉनस्टिक, दोन्ही बाजूंना बेकेलाइटचे कान आणि वर काचेचं झाकण. ५०० ते १,००० रुपयांच्या आसपास चांगलं मिळतं. घेताना लोक लेप बघतात, रंग बघतात. बूड कोणी बघत नाही. खरी खोड तिथेच आहे. खळगे खालून बाहेर आलेले असल्यामुळे पात्र शेगडीच्या दांड्यांवर सपाट बसत नाही. एखादा खळगा दोन दांड्यांच्या मधल्या फटीत गेला की सगळं एका बाजूला कलतं, आणि मूल आप्पा उलटायला काडीने दाबतं तेव्हा पात्र डुगडुगतं. म्हणून घरी आणल्यावर थंड शेगडीवर ठेवून, फिरवून, कडा दाबून बघायचं. डुगडुगत असेल तर छोट्या पातेल्यांसाठी मिळते ती लोखंडी जाळी खाली घालायची. तरीही हललं तर परत करावं. मुलांसाठी ते भांडं नव्हे.

दुसरी अडचण आचेची. बारा खळग्यांत साधारण तीन मध्ये आणि नऊ कडेला असतात. लहान बर्नरवर मधले तीन करपतात आणि कडेचे पांढरेफटक राहतात. मोठा बर्नर मंद ठेवला तर फरक कमी होतो, जात नाही. त्यावर युक्ती क्रमाची: कडेचे खळगे आधी भरायचे, मधले शेवटी, आणि काढताना मधले आधी. मुलांना हे एकदा सांगितलं की पाठ होतं. सात खळग्यांचं पात्र आचेच्या बाबतीत सरस आहे आणि हलकंही, पण दोन मुलं नि त्यांचे मित्र असतील तर घाण्यामागून घाणे काढत बसावं लागतं. इंडक्शनवाल्यांनी मात्र बुडाला इंडक्शनची तबकडी आहे का ते पाहूनच घ्यावं. नुसतं अ‍ॅल्युमिनियम तिथे तापतच नाही.

पात्र पारखायला रव्याचे आप्पे सगळ्यात सोयीचे. १५० मिलीची एक वाटी बारीक रवा, अर्धी वाटी दही, अर्धी वाटी पाणी आणि अर्धा चमचा मीठ कालवून २० मिनिटं झाकून ठेवायचं. रवा पाणी पितो, पीठ घट्ट होतं. मग दोन ते चार पोह्याचे चमचे पाणी घालून इडलीच्या पिठाइतकं करायचं. हे थांबणं मुलांना जड जातं, पण रवा भिजला नाही तर आप्पे आतून कचकचीत लागतात. त्या वेळात गाजर किसून घ्यावं. शेवटचं बोटभर गाजर किसायचं नाही, खाऊन टाकायचं. किसणीवर सोलवटतात ती बोटं त्याच तुकड्यापायी. कोथिंबीर आणि कांदा अगदी बारीक हवा. मोठा तुकडा तळाशी जाऊन चिकटतो, जळतो, आणि उलटताना आप्पा तिथेच तुटतो. टोमॅटो, काकडी नको, पाणी सुटतं.

पाव चमचा खायचा सोडा सगळ्यात शेवटी, पात्र तापल्यावरच घालायचा. दह्यातल्या आंबटपणाशी त्याची गाठ पडली की लगेच वायू सुटतो आणि काही मिनिटांत विरतो. आधीच घातला तर फुगवा वाडग्यातच संपतो. आप्पे फुगले नाहीत म्हणून पुढच्या वेळी सोडा वाढवू नये, साबणासारखी चव येते. पिठात हळद असेल तर सोडा पडला की लाल ठिपके उठतात. पीठ खराब झालेलं नसतं, हळद सोड्याने लाल होते. मुलांना हे दाखवायला मुद्दाम चिमूटभर हळद घालायला हरकत नाही.

पात्र मध्यम आचेवर दोनेक मिनिटं तापवायचं, त्याहून जास्त नाही. नॉनस्टिक रिकामं तापत ठेवलं की लेप जातो. प्रत्येक खळग्यात दोन-तीन थेंब तेल, वरच्या काठालाही सिलिकॉनच्या ब्रशने पुसट हात. काठ कोरडा राहिला की आप्पा नेमका तिथेच धरतो. मग दीड ते दोन पोह्याचे चमचे पीठ, म्हणजे खळग्याचा पाऊण भाग. मुलं काठोकाठ भरतात, आणि फुगल्यावर शेजारचे आप्पे एकमेकांना चिकटून सगळ्याची एक पोळी होते.

झाकण ठेवून मंद आचेवर तीन-चार मिनिटं. वरची ओली चकाकी गेली आणि कडा सुटली की उलटायचं. त्याआधी हात लावला तर आतलं पीठ बाहेर येतं. काडी कडेने आत सारून गोल फिरवायची, मग उचलायचं. पात्रासोबत मिळणाऱ्या लाकडी काड्या बऱ्याचदा आखूड असतात, मुलाची बोटं तापलेल्या काठाजवळ जातात. त्या बाजूला ठेवून लांब दांड्याचा लाकडी चमचा आणि जाडसर बांबूची काडी द्यावी. स्टीलचा चमचा बिलकूल नको. दुसरी बाजू झाकणाशिवाय दोन-तीन मिनिटं. झाकण काढताना स्वतःच्या विरुद्ध बाजूला कलतं करायचं, म्हणजे वाफ तोंडावर येत नाही आणि काचेवर साठलेलं पाणी आप्प्यांवर गळत नाही. या पिठात एक घाणा पूर्ण होतो आणि दुसरा जेमतेम अर्धा.

गोड आप्पे या पात्राची खरी परीक्षा. अर्धी वाटी रवा, कुस्करलेलं एक पिकलं केळं, पाव वाटी चिरलेला गूळ, जवळपास अर्धी वाटी गार दूध, वेलची. दूध गरम असेल तर गुळाने फाटतं. गूळ लवकर करपतो, म्हणून आच तिखट आप्प्यांपेक्षा मंद, तेलाऐवजी साजूक तूप, आणि उलटायला दोन मिनिटं जास्त. लेपावर ओरखडा असेल तर पहिला डाग तिथेच पडतो.

सगळ्यात सोपं काम तिसऱ्या दिवशीच्या आंबट इडलीच्या पिठाचं. त्यात सोडा नको, फक्त कांदा, मिरची, मीठ.

बिडाचं पात्र चवीला वरचढ, खरपूस कवच त्याच्यावरच येतं. पण ते जड असतं, गॅस बंद केल्यावरही बराच वेळ तापलेलं राहतं, आणि मुलाच्या हातून निसटलं तर पायावर पडेल. ते मोठ्यांनीच वापरावं. परदेशातल्या मराठी घरांत आप्पेपात्र मिळत नसेल तर डेन्मार्कमधल्या एबलस्किव्हर या गोड गोळ्यांचा सात खळग्यांचा बिडाचा तवा चालतो. त्यालाही हाच नियम.

पात्र पूर्ण गार झाल्याशिवाय नळाखाली धरू नये, तवा वाकतो आणि लेप सुटतो. मऊ स्पंजने घासावं, ठेवताना वर दुसरं भांडं रचायचं असेल तर मध्ये कागद घालावा. कानांचे स्क्रू अधूनमधून आवळावेत. बेकेलाइटचा ढिला कान मुलाच्या हातात सुटला तर काय होईल हे सांगायला नको.

डब्यात वाटून खायचे असतील तर आप्पे ताटात सुटे पसरून गार करावेत. गरम आप्पे डब्यात रचले की वाफेने खालचे ओले होतात आणि मधल्या सुट्टीपर्यंत सगळे एकमेकांना चिकटलेले असतात. ओल्या नारळाची चटणी उन्हाळ्यात दुपारपर्यंत आंबते, त्यापेक्षा शेंगदाण्याची कोरडी चटणी द्यावी. बारा आप्पे चौघांत तीन-तीन जातात, आणि दुसऱ्या घाण्यातले उरलेले ज्याने केले त्याचे.